उद्या मिळालेला अर्ज

मी एक जुना शिक्का आहे, आणि त्यातही तारखेचा. मित्रांनो, माझ्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवू शकता. अकरा वर्षं लोकांनी तेच केलं आणि एक प्रसंग सोडला तर कोणाचं फारसं वाईट झालं नाही. आज त्या प्रसंगाबद्दलच बोलायचं आहे. असं काही सांगताना मान खाली घालायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण शिक्क्याला मान नसते, मूठ असते, आणि ती कायम ताठ असते. शिवाय मला त्या प्रसंगाचा अभिमान वाटतो.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. एका बाजूला चाव्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चष्मे दुरुस्त करणारा, आणि मधल्या फटीत आमचे शिक्केवाले काका. त्यांच्याजवळ एक भिंग, एक चिमटा आणि उलटं वाचायची सवय एवढंच भांडवल होतं. शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हाच ती कागदावर सुलटी उमटतात. चाळीस वर्षं हे करून काकांना सरळ अक्षरं परकी वाटू लागली होती. ते घरी वर्तमानपत्रही आरशात धरून वाचतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती. "बातम्यांत काही फरक पडत नाही," असं काकांचं म्हणणं.

त्यांनी मला पितळेची चौकट दिली, काळ्या लाकडाची मूठ दिली आणि पोटात रबराचे तीन पट्टे बसवले: एक तारखेचा, एक महिन्याचा, एक सालाचा. बाजूला तीन दातेरी चाकं. चाक फिरवलं की दिवस बदलतो. विश्वाच्या निर्मात्याला यापेक्षा बरीच जास्त यंत्रसामग्री लागते, असं ऐकून आहे. पट्ट्यांच्या वर "मिळाले" असं कोरलं आणि खाली "मनुष्यबळ विभाग". मग कोऱ्या कागदावर पहिला ठसा घेतला, भिंगातून बघितला, आणि काका बायकोला म्हणाले, "हा खोटं बोलणार नाही." आईबापांना मुलांविषयी असं वाटतंच.

माझ्यासोबत त्याच पेटीत "नामंजूर" नावाचा एक भाऊ होता. त्याला तारीख नव्हती. नकाराला मुहूर्त लागत नाही, असं काकांनी गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं होतं. त्याचा फार रुबाब असायचा. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. मी कोणाला हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की तुमचा कागद आमच्या दारात आला, अमुक दिवशी आला, आणि आता "आलाच नव्हता" असं म्हणायची कोणाची टाप नाही. कचेरीत माणसाला यापेक्षा मोठा आधार नसतो, मित्रांनो. तुम्ही अजून कचेऱ्यांत गेला नसाल म्हणून सांगतो.

मला एका वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात नेमणूक मिळाली. तळमजल्यावर मनुष्यबळ विभाग, त्याला काचेची खिडकी, खिडकीला खाली अर्धगोल भोक. भोकाच्या बाहेर कामगार वाकून उभे राहायचे आणि आत बाई बसायच्या. सगळे त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे टाचणीबाई. कारण बाईंचा स्टेपलरवर विश्वास नव्हता. दोन कागद एकत्र आले की त्यांना टाचणी लागलीच. रजेचा अर्ज, बाळंतपणाचा दाखला, पत्ता बदलल्याची चिठ्ठी, सगळं टाचणीत आणि सगळ्यावर मी. एक ठसा मूळ कागदावर, एक पोच म्हणून देणाऱ्याच्या प्रतीवर. ठप्प, ठप्प. माझ्या मुठीवर आज जी चकाकी दिसते ती पॉलिशची नाही. ती बाईंच्या तळहाताची आहे.

आता बाईंची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून घडलं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे माझ्या कितीतरी आधी, बाई सकाळी तारीख बदलायला विसरल्या होत्या. खिडकी उघडताच रांग लागली आणि दुपारपर्यंत आलेल्या सगळ्या कागदांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. त्यांना लेखी समज मिळाली. ती बाईंच्या मनाला इतकी लागली, की त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला: संध्याकाळी साडेचार वाजता शिक्का फडक्याने पुसायचा, आणि तेव्हाच उद्याची तारीख लावून ठेवायची. सकाळी विसरायला नको. खिडकी पाचला बंद व्हायची, पण साडेचारनंतर सहसा कोणी फिरकत नसे.

सहसा. म्हणजे रोज अर्धा तास मी भविष्यात राहायचो. त्या अर्ध्या तासात कोणी आलंच, तर त्याचा कागद उद्या मिळाल्याचं मी आज लिहून द्यायचो. रजेच्या अर्जाला त्याने काही होत नाही. उलट एका वार्षिक समारंभात विभागाच्या साहेबांनी "आमच्या बाईंचा शिक्कासुद्धा एक दिवस पुढे असतो" असं कौतुक केलं आणि तत्परतेबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी ते घरी नेलं नाही, खिडकीच्या वर लावलं. टाळ्या माझ्यासाठीही होत्या, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

मग कारखाना नव्या मालकांनी घेतला. त्यांनी आल्या आल्या सर्वांना चहा पाजला, त्यावरून जाणत्या लोकांनी ओळखलं की काहीतरी वाईट होणार आहे. तिसऱ्या महिन्यात जोडणी, तपासणी आणि पॅकिंगच्या एक्केचाळीस माणसांना पाकिटं मिळाली. पाकिटात दोन कागद होते. पहिल्यावर मोठ्या अक्षरांत आभार. दुसऱ्यावर बारीक अक्षरांत विमा.

हे विम्याचं प्रकरण नीट समजून घ्या, मित्रांनो. मोठेपणी उपयोगी पडो, न पडो. माणूस नोकरीत असला की त्याच्या आणि घरच्यांच्या आजारपणाचा विमा कंपनी काढते. हप्त्याचा मोठा वाटा कंपनी उचलते, उरलेला पगारातून गुपचूप कापला जातो, म्हणून आजारी पडेपर्यंत आपला विमा आहे हे माणसाच्या गावीही नसतं. नोकरी गेली की पगार जातो, हे सगळ्यांना कळतं. विमाही त्याच दाराने बाहेर पडतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. मात्र त्याला थोपवायची एक सोय असते. दुसऱ्या कागदावर तीच होती. पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत "मला हा विमा चालू ठेवायचा आहे" असा अर्ज मनुष्यबळ विभागाच्या खिडकीत द्यायचा, सगळा हप्ता आता स्वतः भरायचा, की जुना विमा जसाच्या तसा पुढे चालतो. एकसष्टाव्या दिवशी आलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही. आणि अर्ज कोणत्या दिवशी आला, हे ठरवणार कोण? मी.

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर टाकल्याचं कोणी मला कळवलंसुद्धा नाही.

त्या एक्केचाळीस जणांत काटेमास्तर होते. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक काटा बावीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेला होता. राईएवढा फरक त्यांना सहन व्हायचा नाही. चहात साखर किती, असं विचारलं तर ते ग्रॅममध्ये सांगायचे. त्यांची बायको शिवणकाम करायची. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना आजार झाला होता. उजव्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्याने रंग आणि आकार कळत, पण बारीक काम आता डाव्या डोळ्याच्या भरवशावर चालायचं, आणि तोही विझत चालला होता. साठ दिवस भरत आले तेव्हा त्याच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर होती. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवा विमा काढायला मास्तर एका ठिकाणी जाऊन आले. तिथे आधी विचारलं, जुना काही आजार? आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे सोडून बाकीच्या शरीराचा विमा देऊ केला. बाकीचं शरीर ठणठणीत होतं.

हे सगळं मला ठाऊक आहे कारण खिडकीत माणसं बोलतात. बाई कागद वाचत असतात तोवर गप्प उभं राहणं लोकांना जमत नाही.

साठाव्या दिवशी, चौदा तारखेला, दुपार टळून गेल्यावर मास्तर आले. घड्याळात चार चाळीस झाले होते. दहा मिनिटांपूर्वी बाईंनी मला पुसलं होतं. माझ्या पोटात पंधरा तारीख होती.

"या मास्तर," बाई म्हणाल्या. "आज साठावा दिवस आहे म्हटलं."

"मोजतोय मी पण."

"मग एवढं ताणलंत कशाला? एकोणसाठ दिवस काय झोपा काढत होतात?"

"घरात भांडण चालू होतं, बाई. ती म्हणते, आयुष्यभराची सगळी साठवण माझ्या एका डोळ्यात ओतू नका. नोकरी लागेल, तिथला विमा मिळेल, तेव्हा बघू. मीही म्हटलं, लागेल. तीन ठिकाणी जाऊन आलो. तिघांनीही कळवतो म्हणून सांगितलं."

"कळवलं?"

"अजून कळवतायत."

"मग भांडणात कोण जिंकलं?"

"सुई. काल रात्रीच्या जेवणाआधी एक बटण लावायला बसली होती. तीनदा बोटात टोचून घेतली. चौथ्यांदा म्हणाली, जा बाबा, देऊन या तो कागद."

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, टाचणी काढून प्रत वेगळी केली. मास्तरांनी मान वर करून घड्याळाकडे बघितलं. "वीस मिनिटं हातात आहेत," ते म्हणाले.

"आहेत ना. मग वेळेत." बाईंनी मला उचललं.

मित्रांनो, मला कळत होतं. मला ओरडायचं होतं. पण शिक्क्याला एकच आवाज असतो. ठप्प, ठप्प. दोन्ही कागदांवर मी छानपैकी, ठळक, काकांना अभिमान वाटावा अशा अक्षरांत लिहून दिलं, की हा अर्ज उद्या मिळाला.

बावीस वर्षं जगाचे काटे तपासणाऱ्या माणसाने शिक्का तपासला नाही. पोच घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. दहा मिनिटांनी पॅकिंगमधल्या मावशी धापा टाकत आल्या. त्यांनाही तेच पाकीट मिळालं होतं, त्यांचाही साठावा दिवस होता. त्यांच्याही अर्जावर मी पडलो. त्यांनीही वाचलं नाही. माझ्यावर लोकांचा फार विश्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, नेहमीप्रमाणे, विमा कंपनीची थैली गेली. दोन्ही अर्ज तिच्यात गेले. दहाला खिडकी उघडली तर पहिल्या नंबरावर मास्तर आणि त्यांची बायको.

"ताई," मास्तरांची बायको म्हणाली, "हा कागद वाचून दाखवा बरं. मला कमी दिसतं."

बाईंनी पोच हातात घेतली. "मिळाले. पंधरा तारीख."

"आज कितवी?"

"पंधरा."

"आणि हे कधी येऊन गेले तुमच्याकडे?"

बाईंनी पोच खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"काल सव्वापाचला हे घरी आले, ते आजचा कागद घेऊन," ती पुढे म्हणाली. "मी नाकाला लावून वाचला. मला वाटलं, आता हा काय नवीन प्रकार? डॉक्टर म्हणाले होते, जवळचं धूसर होईल, लांबचं धूसर होईल. उद्याचं दिसायला लागेल असं कोणी बोललं नव्हतं."

"मी घड्याळ बघत होतो," मास्तर पुटपुटले.

"भाजीवालीचा काटा दहादा बघतात. दोडका तोलताना तिला घाम फुटतो. आणि बायकोचा डोळा होता त्या कागदावर, तर हे घड्याळ बघत होते."

"बरं, आता झालं ना. पुढचं सांग."

पुढचं असं होतं. मास्तरांचं म्हणणं होतं, सकाळी जाऊन सांगू. तिचं म्हणणं, सकाळी पंधरा तारीख उजाडलेली असेल आणि मग या कागदात चूक आहे हे कोणाच्या बापाला पटणार नाही. हा कागद खोटा आहे हे फक्त आजच सिद्ध होतं. जवळचं पोस्ट सहापर्यंत उघडं असतं. दोघं तडक निघाले, वाटेत पोचेची झेरॉक्स काढली, पाकिटात घातली, चिकटवली आणि याच विभागाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने टाकली. "तुमच्या शिक्क्यावर दुसऱ्या कोणाचा तरी शिक्का हवा होता," ती म्हणाली. मास्तरांची बायको सातवीपर्यंत शिकली होती. साहेबांच्या दारावर तीन पदव्या लिहिलेल्या होत्या.

बाई उठल्या आणि साहेबांकडे गेल्या. मला त्यांनी मुठीत धरून सोबत नेलं, बहुधा नकळत. म्हणून तिथलं बोलणंही मी ऐकलं.

"बाई, शिक्का काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"पंधरा."

"मग अर्ज पंधराला आला. एकसष्टावा दिवस. विषय संपला."

"साहेब, मी साडेचारला तारीख पुढे करते. तुम्हीच त्यासाठी मला घड्याळ दिलंत."

"ते तत्परतेसाठी दिलं होतं."

"ही तीच तत्परता आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. नव्या मालकांची दुसरी यादी अजून यायची होती. "हे तुम्ही लिहून दिलंत तर काय होईल, कल्पना आहे? एकोणीस वर्षं साडेचारनंतर या खिडकीत आलेला प्रत्येक कागद संशयात येईल. तपासनीस इथे तंबू ठोकतील. एका अर्जासाठी सगळ्या विभागाला खोटं पाडायचं?"

"एका डोळ्यासाठी, साहेब," दारातून आवाज आला. मास्तरांची बायको बाईंच्या मागोमाग आत आली होती. मास्तर तिच्या मागे, टोपी हातात धरून.

"तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाले.

"थांबते की. साठ दिवस थांबले. पण तीन आठवड्यांनी मला टेबलावर घेणार आहेत, आणि आधी विमा आहे का विचारणार आहेत. त्यांना काय सांगू? आहे, पण उद्यापासून?"

साहेब टेबलावरचे कागद सरळ करू लागले. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. पोस्टमन आला होता. बाईंनी त्याला आतच बोलावलं.

"रजिस्टर आहे. सही आणि शिक्का."

आमच्या विभागाचा नियम असा, की रजिस्टर्ड पाकीट उघडण्याआधी पाकिटावरच शिक्का मारायचा, मग साहेबांसमोर उघडायचं आणि पाकीट आतल्या कागदाला टाचून ठेवायचं. बाईंनी मला कधी नव्हे ते उलटं करून माझी तारीख वाचली. पंधरा. आज पंधराच होती. पाकिटाच्या कोपऱ्यात पोस्टाचा गोल शिक्का होता: चौदा तारीख, संध्याकाळी पाच पस्तीस. त्याच्या शेजारी बाईंनी मला टेकवलं.

मित्रांनो, जन्मभरात मी लाखभर ठसे उमटवले असतील. कोणता कुठे पडला, काही आठवत नाही. तो एक मात्र आठवतो. माझ्याच खोटेपणाचा पुरावा त्या पाकिटात होता, आणि तो वेळेवर आल्याची ग्वाही मी स्वतः दिली. पूर्ण दाबाने, चारही कोपरे उमटवून. अशी संधी किती जणांना मिळते? माणसांत तर मला एकच ठाऊक आहे, आणि त्या म्हणजे मला हातात धरून उभ्या असलेल्या बाई.

बाईंनी पट्टीने पाकीट उघडलं. आत झेरॉक्स. झेरॉक्सवर मी: पंधरा.

साहेबांनी पाकीट बघितलं, मग कागद, मग पुन्हा पाकीट. "म्हणजे चौदाला पोस्टात टाकलेल्या पाकिटात पंधराचा शिक्का मारलेला कागद?"

"हो साहेब."

"पोस्टाची काहीतरी चूक असेल."

पोस्टमन सहीसाठी थांबलाच होता. तो दुखावला. "साहेब, आमचा शिक्का रोज सकाळी पोस्टमास्तर बदलतात. बदलला की वहीत ठसा, खाली दोघांच्या सह्या. मधे कोणी हात लावून दाखवावा."

"त्यांची चूक नाही," बाई म्हणाल्या. "माझी आहे. एकोणीस वर्षांची आहे." आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी लिहायला घेतलं: आपण रोज साडेचारला तारीख पुढे करतो, हा अर्ज चौदा तारखेला चार चाळीसला, म्हणजे मुदतीत मिळाला, त्यावरची तारीख ही आपली चूक आहे. मग त्यांनी आणखी एक ओळ घातली. पॅकिंगमधल्या मावशींची.

"ही कुठून आली?" साहेब म्हणाले. "तिने तर तक्रार केलेली नाही."

"तिला ठाऊकच नाही, साहेब. नाकारल्याचं पत्र आलं असतं तर तिला वाटलं असतं, आपणच उशीर केला."

साहेबांनी पेन काढलं. "चूक" हा शब्द खोडून त्यांनी "प्रचलित पद्धत" असं लिहिलं. बाईंनी "प्रचलित पद्धत" खोडून "चूक" लिहिलं. शेवटी "प्रचलित चूक" यावर तडजोड झाली आणि साहेबांनी सही केली. आधी दोनदा पेन बंद केलं, पण सही केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पत्र घेऊन बाई स्वतः विमा कंपनीत गेल्या. एकोणीस वर्षांत प्रथमच त्या कामाच्या वेळेत खिडकी सोडून बाहेर पडल्या. टाचण्यांचा डबा सोबत होता.

त्यानंतर नऊ दिवस काही आलं नाही. मास्तर रोज दहाला यायचे, बाकावर बसायचे, अकराचं टपाल बघून जायचे. "काही?" "अजून नाही." एवढंच बोलणं. चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना चहा दिला. सातव्या दिवशी मास्तरांनी खिडकीचा लटपटणारा काचेचा तुकडा घट्ट बसवून दिला, बसून बसून काय करायचं म्हणून. दहाव्या दिवशी दोन पाकिटं आली. बाईंनी आधी माझी तारीख वाचली, मग पाकिटांवर मला मारलं, मग उघडलं. दोन्ही अर्ज मुदतीत धरले होते. विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून, एकाही दिवसाचा खंड न पडता, चालू.

मास्तरांनी पत्र हातात घेतलं. या वेळी त्यांनी ते वाचलं. तारीख, नाव, बायकोचं नाव, पुन्हा तारीख. मग टोपी डोक्यावर घालून म्हणाले, "बरोबर आहे." त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकायला काट्यांना बावीस वर्षं कष्ट पडले होते.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. महिन्याभराने हप्त्याचा कागद द्यायला मास्तरांची बायको एकटीच आली. डोळ्यावर गडद चष्मा. बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघत होती, ती तिथूनच म्हणाली, "ताई, तुमच्या डाव्या बाहीची शिवण उसवलीय. दोन टाके. आणि आधीची कोणी घातली होती ती वाकडी आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मग कळलं, पुसायला हवे होते ते डोळे. बाही त्यांनी तिच्याकडूनच शिवून घेतली.

बाईंना दुसऱ्यांदा लेखी समज मिळाली. ती त्यांनी टाचणी लावून पहिल्या समजेच्या शेजारी ठेवली. आठवड्याने साहेबांचा आदेश निघाला, की शिक्क्याची तारीख यापुढे सकाळी बदलण्यात यावी, ही अभिनव कल्पना साहेबांची. मी रोज संध्याकाळी पाचपर्यंत, कोणी येवो न येवो, आजमध्ये राहू लागलो. तपासनीसही आले. दोन दिवस राहिले, चहा पिऊन गेले. आभाळ काही कोसळलं नाही.

आता संगणक आला आहे. तो तारीख आपोआप लावतो. बाईंनी पहिल्या दिवशी चार चाळीसला तपासून बघितला आणि मगच मला सोडलं. नव्या मालकांनी मला स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय. खाली पाटी आहे: "तत्परतेची परंपरा". माझे रबर कडक झालेत, सालाच्या पट्ट्याला चीर गेलीय, चाकांत धूळ आहे. शाळेची मुलं कारखाना बघायला येतात, काचेवर नाक दाबतात आणि पुढे जातात. त्यांना मला एवढंच सांगायचं असतं.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कसला तरी शिक्का येईल. कोणाच्या हातात कारखाना येईल, कोणाच्या हातात नुसती एक खिडकी. तेव्हा त्याला रोज पुसा, जपा, आणि समोरच्याचा दिवस संपायच्या आधी तो संपला म्हणून सांगू नका. चुकलात तर चूक हाच शब्द लिहा, आणि ज्याने तक्रार केली नाही त्याचंही नाव त्यात घाला. आणि कधी तुम्ही खिडकीच्या बाहेर असाल, वाकून उभे असाल, तर पोच घडी करायची घाई करू नका. शाई वाळेपर्यंत तिथेच थांबा. तेवढ्या वेळात वाचून होतं.